मैनेचा आवाज

३ जून

प्रिय आत्या, सलाम.

हातानं पत्र लिहिताना बोट दुखतं, हे तुला माहीत असावं म्हणून पहिल्याच ओळीत लिहितेय. तू तुझा तो बटणांचा फोन बदलत नाहीस, वर म्हणतेस, "फोन ऐकायला असतो, बघायला नाही." त्यामुळे जगातली एवढी मोठी बातमी तुला सगळ्यात शेवटी कळणार. त्याला मी काय करू?

बातमी अशी. गेल्या रविवारी उपासनेत मी सोलो गायले. पप्पांनी स्टुडिओतला मोठा कॅमेरा आणून सगळं टिपलं आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या पेजवर टाकलं. ते चार हजार लोकांनी पाहिलं! आपल्या चर्चमध्ये बाक मोजून चाळीस. पप्पा तर असे फिरतायत जणू गाणं त्यांनीच म्हटलंय. पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या माणसालाही आधी माझा व्हिडिओ दाखवतात, मग म्हणतात, "हं, हनुवटी जरा खाली." मम्मी म्हणाली, "अहो, त्याला फोटो हवाय, मुलगी नको." मम्मीची या आठवड्यात हॉस्पिटलात सकाळची पाळी आहे, म्हणून ती दुपारनंतर घरी असते आणि आम्ही हसतो.

दुसरी बातमी. मला एक मैत्रीण मिळालीय. व्हिडिओ बघून तिनं मेसेज केला. ती सोळा वर्षांची आहे, लांबच्या गावात चर्चच्या क्वायरमध्ये गाते. नाव मैना असं लावते. माझ्या सुरांबद्दल इतकं छान लिहिते, की आमच्या गाण्याच्या बाईंनी चार वर्षांत तेवढं कधी म्हटलं नाही.

तुझी,
पिपाणी

ता.क. मैनेबद्दल घरी बोलू नकोस. तिच्या बाई कडक आहेत, तिला ओरडा बसेल.


७ जून

लाडक्या पिपाणीस, आत्याचा सलाम.

चार हजार! मी शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून माझं अभिनंदन केलं, आणि तिसऱ्यांदा सांगायला गेले तेव्हा मशीन थांबवलं नाही. तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तू अशी किंचाळलीस की पाळकसाहेबांच्या हातातलं भांडं हिंदकळलं. त्याच दिवशी मी तुझं नाव पिपाणी ठेवलं. बघ, मला माणसाची पारख आहे.

मैना मिळाली हे उत्तम. गाणाऱ्याला गाणारी मैत्रीण असावी. तिला माझे दोन प्रश्न विचार. मी पडले खालच्या पट्टीतली, त्यामुळे मला उत्सुकता. एक, ती वरच्या आवाजात गाते की खालच्या? दोन, गाण्याआधी आवाज मोकळा करायला त्यांच्या बाई काय करून घेतात? आमच्या क्वायरच्या बाई ओठ फुरफुरवायला लावतात, त्यामुळे आमचा सराव दहा मिनिटं तबेल्यासारखा वाटतो. आणि तिला म्हणावं, एक ओळ फोनवर गाऊन पाठव. तू मला मग बटणांच्या फोनवरून ऐकव.

ता.क.बद्दल: घरी न सांगण्याजोगं त्यात मला काही दिसलं नाही. पण तुझी मैत्रीण, तूच सांग.

आत्या


१४ जून

प्रिय आत्या, सलाम.

तुझे प्रश्न विचारले. मैना म्हणते, ती "सगळ्या आवाजांत" गाते. आवाज मोकळा वगैरे ते काही करत नाहीत, सरळ गातात. ओळ पाठवायला सांगितली, तर म्हणाली फोनचा माइक बिघडलाय, आणि तसंही ती लाजते. मला गंमत वाटली. इतकं भरभर लिहिणारी मुलगी बोलायला लाजते!

पण ती खरंच जीव लावते गं. परवा माझा वाढदिवस, तर सकाळी सहाला पहिला मेसेज तिचा. मी तारीख सांगितलीसुद्धा नव्हती. पप्पा शुभेच्छा द्यायला विसरले होते, दुपारी आठवण झाली. मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "घरच्यांना तुझी किंमत नाही, मला आहे."

तिच्या ओळखीचे एक रेकॉर्डिंगवाले आहेत. ते नव्या मुलींना संधी देतात. त्यांना दाखवायला माझे फोटो हवेत, पण पप्पांनी काढलेले नकोत, ते फार शाळकरी दिसतात म्हणे. दोन पाठवले. मम्मीचा निळा ड्रेस घालून आणि लिपस्टिक लावून. मी चांगली अठराची दिसते त्यात.

पिपाणी


१८ जून

पिपाणी,

आज विनोद नाही, कारण मला तुझ्याशी नीट बोलायचंय.

मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. कानाला हेडफोन, समोर तारा, आणि दिवसभर अनोळखी माणसं. खोटं बोलणारा माणूस ओळखायची एक खूण आम्हा मुलींना ठाऊक होती. त्याच्याकडे सगळं असायचं, फक्त आपण मागू तेच नेमकं नसायचं. गाणारी मुलगी आहे, पण माइक बिघडलेला. क्वायरमध्ये आहे, पण आपला आवाज वरचा की खालचा ते सांगता येत नाही. अगं, क्वायरमधल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ते ठाऊक असतं. उभं कुठं राहायचं ते त्यावरच ठरतं.

मला वाटतं, मैना ही सोळा वर्षांची मुलगी नाही. मुलगीच नाही, असंही वाटतं. आणखी फोटो पाठवू नकोस. आणि मम्मीजवळ बस, आजच.

तुझी काही चूक झाली असं मी म्हणत नाहीये, हे वाक्य दोनदा वाच.

आत्या


२३ जून

आत्याला सलाम.

तू मैनेला ओळखत नाहीस. तुझ्या वेळी सगळं वेगळं होतं. तिला मी तुझं पत्र सांगितलं, तर ती म्हणाली, एकट्या राहणाऱ्या माणसांना दुसऱ्यांची मैत्री बघवत नाही.

सगळं ठीक आहे. परीक्षा जवळ आलीय, आता पत्रांना वेळ नाही.


२६ जून

पिपाणी,

"एकट्या राहणाऱ्या" हे मला टोचलं, नाही म्हणत नाही. दोन कप चहा प्यायले, मग बरं वाटलं.

मी तुझ्या मम्मीला फोन केलाय. तुझ्या पाठीमागे करतेय असं वाटू नये म्हणून इथं लिहितेय. काय म्हटलं तेही लिहिते: "पोरीवर माया ठेव, फोन हिसकावू नकोस, पण नजर ठेव आणि रात्री फोन स्वयंपाकघरात राहू दे. ती स्वतः बोलेल असं मला वाटतं. आठवड्यात बोलली नाही, तर मी येते आणि आपण मिळून विचारू."

आता जे लिहितेय ते गेल्या रविवारपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी माझ्या घरी चोरी झाली, आठवतं? मी सगळ्यांना सांगितलं, कुलूप कच्चं होतं. कुलूप चांगलं होतं गं. त्याआधी दोन महिने मला एक माणूस रोज चारला फोन करायचा. म्हणाला, "तुम्ही एक्स्चेंजमध्ये होतात ना? मी दुसऱ्या पाळीला होतो." आवाज असा, की लोण्यावरून सुरी फिरावी. मी पावणेचारला केस विंचरून बसायची. फोनवर बोलायला केस विंचरायचे! बासष्टाव्या वर्षी! तो विचारायचा, जेवण झालं का, गुडघा कसा आहे, रविवारी किती वाजता चर्चला जाता. एकदा म्हणाला, "किल्ली सांभाळून ठेवता ना?" मी कौतुकानं सांगितलं, "हो तर, कुंडीखाली ठेवते." त्याच रविवारी रेडिओ गेला, कॅमेरा गेला, आणि तुझ्या आजीचं भिंतीवरचं घड्याळ गेलं. त्यानंतर चारचा फोन कधी आला नाही.

ज्या बाईनं चौतीस वर्षं लबाडांचे आवाज ओळखले, तिला आवाजानंच गंडवलं. या लाजेपायी मी पोलिसांनाही अर्धंच सांगितलं. लाज खरी चोराची, पण ती उचलून घरी नेली मी.

तुझं शेवटचं पत्र आल्यावर मला कळलं, की मी तुला "बोल" म्हणतेय आणि स्वतः तोंड शिवून बसलेय. म्हणून रविवारी बायकांच्या प्रार्थनेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं, केस विंचरण्यासकट. मला वाटलं, हसतील. हसल्याच, पण माझ्याबरोबर. मग शिंपीणबाई उठल्या. म्हणाल्या, "मलाही एक फोन यायचा." मग आणखी दोघी उठल्या. प्रार्थना राहिली बाजूला, दीड तास आम्ही बोलत होतो. अर्थात तीही प्रार्थनाच असावी.

तुला सांगायचं असेल ते सांग. मी ते गुपित ठेवीन असं वचन देणार नाही, कारण ते खोटं होईल. पण ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगताना मी तुझ्या शेजारी बसलेली असेन.

आत्या


२९ जून

आत्या,

तुझं पत्र मी शाळेच्या ग्रंथालयात वाचलं. केस विंचरण्याचं वाचून हसले, मग रडले. ग्रंथपालबाईंनी पाणी दिलं.

मी तुला ते एकटं राहण्याचं लिहिलं त्याबद्दल माफ कर. ते वाक्य तिचं होतं, पण अक्षर माझं होतं.

तुझं बरोबर होतं. दहा दिवसांपूर्वी ती म्हणाली, आता वेगळे फोटो पाठव. कसले ते मी लिहीत नाही, तुला कळेल. मी नाही म्हटलं. मग तिची भाषाच बदलली. निळ्या ड्रेसचे फोटो पप्पांच्या स्टुडिओच्या नंबरवर पाठवीन म्हणाली. मी पप्पांबद्दल रागानं जे जे लिहिलं होतं, तेही. आमचा सराव शनिवारी पाचला असतो, मी कुठल्या दारानं बाहेर पडते, हेसुद्धा तिला माहीत आहे. किंवा त्याला. मी ते फोटो पाठवले नाहीत, आत्या. शप्पथ. पण दोन शनिवार पोट दुखतंय सांगून सरावाला गेले नाही. बाईंना वाटतं, चार हजार लोकांमुळे माझ्या डोक्यात हवा गेलीय.

मम्मी रोज माझ्याजवळ येऊन बसते. काही विचारत नाही, केसांना तेल लावते. चार दिवसांत मला तीनदा तेल लावलंय. मला सांगायचंय, पण पप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. त्यांनी इतक्या कौतुकानं तो व्हिडिओ टाकला होता.

तू ये. तू आलीस तर सांगेन.

पिपाणी


१६ जुलै

ताईस सलाम.

तू गेल्यापासून लिहीन म्हणतोय, पण मला कॅमेरा धरायची सवय, पेन धरायची नाही. तरी लिहितो. त्या दिवशी तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही.

पोरीचं पत्र मिळताच तू फोन केलास, "दुपारच्या बसनं येतेय, तोवर कुणी काही पुसायचं नाही, काही फोडायचं नाही." मला वाटलं, तू काचसामानाबद्दल बोलतेयस. संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून आपण चौघं बसलो. पोरगी फोटो काढायच्या स्टुलावर, तू तिच्या शेजारी. ती बोलायला लागली आणि मी पहिली गोष्ट काय केली? तिचा फोन आपटायला उचलला. तेव्हा तीच ओरडली, "पप्पा, फोडू नका! तो पुरावा आहे!" चौदा वर्षांची पोर बापाला कायदा शिकवते. तिच्या मम्मीला इतक्या तणावातही हसू फुटलं आणि माझा हात खाली आला.

पण ताई, खरं ते नंतर झालं. तक्रार द्यायला गेलो, तेव्हा पोलिसांच्या सायबर शाखेतल्या मॅडमनी विचारलं, "त्याला हिची शाळा, वाढदिवस, सरावाची वेळ कुठून कळली?" पोरगी म्हणाली, "मी नाही सांगितली." मॅडमनी मंडळीचं पेज उघडलं. त्या व्हिडिओखाली मीच लिहिलं होतं: आमची लाडकी गायिका, वय अमुक, शाळा तमुक, येत्या बाराला वाढदिवस, शुभेच्छा द्या. वरच्याच पोस्टमध्ये सरावाचा वार आणि वेळ. बाजूच्या दाराशी उभ्या मुलींचा फोटोही माझाच, उजेड चांगला होता म्हणून काढलेला. पोरीला वाटत होतं, पप्पांना कळलं तर काय होईल. आणि इथं सगळा पत्ता पप्पांनीच मोठ्या अक्षरांत छापलेला.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही वाढदिवस विसरलात त्याची पण मागा." मागितली.

पाळकसाहेबांकडे मी स्वतः गेलो. त्यांनी रविवारी उपासनेनंतर सगळ्या मोठ्यांना थांबवलं. कुणाची मुलगी ते सांगितलं नाही. मला मात्र राहवलं नाही, पेज माझ्या हातात होतं हे मी उठून कबूल केलं. लगेच आपले घड्याळजी उठले. घड्याळं दुरुस्त करणारे, क्वायरमध्ये खर्जात गातात ते. म्हणाले, "पोरींना फोनच कशाला हवेत? काढून घ्या." गाण्याच्या बाई ताडकन म्हणाल्या, "लांडगा कुंपणातून आला, तर कुंपण बांधायचं की कोकरांना पायच नको म्हणायचं? फोन काढून घेतलेत, तर पुढची पोर सांगायलाच येणार नाही. सांगितलं की फोन जातो, एवढंच ती शिकेल." मग पाळकसाहेब इतकंच बोलले, "आपण या मुलींसाठी दर रविवारी प्रार्थना करतो. आता त्यांच्यासाठी थोडं कामही करू." आणि कामाला लागलेसुद्धा. माझ्याकडून मुलांची नावं, वयं, शाळा सगळं पुसून घेतलं. आता पोराचा किंवा पोरीचा फोटो टाकायचा तर घरच्यांना विचारायचं, आणि त्या मुलालाही. ते नको म्हणालं तर नको. मंडळीतल्या कुठल्याही मोठ्या माणसानं, स्वतः पाळकसाहेबांनीही, मुलांशी एकट्यानं खासगी मेसेजवर बोलायचं नाही. निरोप घरच्यांसमोर. कुणाही पोरीला काही सांगायचं असेल तर गाण्याच्या बाई आणि आमची ही, अशी दोघींची नावं दारावर लावलीत.

ही नर्स आहे म्हणून निवडली असं पाळकसाहेब म्हणाले. तिचं म्हणणं, तेलाची बाटली आहे म्हणून निवडलं.

त्या माणसाचा शोध चालू आहे. पोरगी शनिवारी सरावाला गेली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. कॅमेरा नेला नव्हता.

तुझा धाकटा


२० जुलै

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र शिंपीणबाईंना वाचून दाखवलं, पोरीचं नाव गाळून. त्या म्हणाल्या, "भाऊ चांगला आहे, अक्षर मात्र डॉक्टरचं." स्वतःला फार कोसू नकोस. तू कौतुकानं केलंस. त्यानं दगा दिला, आणि या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आमच्या पाळकांना तुमच्याकडची हकीकत सांगितली. ते म्हणाले, आपलं पेज बघू. बघितलं, तर आमच्याकडे मुलींच्या सहलीची गाडी कुठून, किती वाजता सुटते तेही छापलेलं! संध्याकाळपर्यंत पुसलं. त्यांनी आसपासच्या अकरा मंडळ्यांनाही कळवलं.

पोरीला सांग, मी नवा फोन घेतलाय. बघायचासुद्धा. शिकवायला ये म्हणावं.

ताई


२४ ऑगस्ट

प्रिय आत्या, सलाम.

आधी मोठी बातमी. मैना सापडली. चाळिशीचा पुरुष आहे. मॅडम घरी येऊन सांगून गेल्या. नऊ मुलींशी बोलत होता, त्यातल्या सहा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या पेजवरून शोधलेल्या. तुझ्या पाळकांनी कळवल्यावर त्यातल्या दोघींनी आपापल्या घरी सांगितलं. मी काही पुसलं नव्हतं, म्हणून सगळे मेसेज मॅडमना मिळाले. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मोठ्या माणसाशी मिळवतात तसा.

मला अजून कधीकधी वाईट वाटतं. राग नाही, वाईट. मैना नव्हतीच, पण मला ती आवडायची. मम्मीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "वाटू दे. तू खरंच मैत्री केलीस. खोटं त्याचं होतं."

आता शनिवारी सरावाआधी एक तास आमचा वर्ग असतो. मुली, मुलगे, आया, बाप, सगळे. अनोळखी माणसानं काय विचारलं की सावध व्हायचं, पुरावा कसा जपायचा, मग ब्लॉक कसं करायचं, तक्रार कुठं करायची, हे मॅडमनी दोनदा येऊन शिकवलं. मुलग्यांना वाटलं, हे मुलींचं काम. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "फोटो पुढं पाठवणारे हात कुणाचे असतात? बसा खाली." बसले.

मोठ्यांना मात्र आम्ही शिकवतो. घड्याळजी माझ्या वाट्याला आलेत. त्यांचा पासवर्ड काय असेल सांग? "पासवर्ड". आणि विसरू नये म्हणून तो फोनच्या मागे चिकटवलेला! मी डोक्याला हात लावला, तर म्हणाले, "अगं, चोराला वाटेल, इतकं सोपं कसं असेल?" तेच घड्याळजी परवा पाळकसाहेबांना सांगत होते, हा वर्ग माझ्याच सूचनेवरून सुरू झाला.

पप्पा आता उपासना दाखवताना कॅमेरा फक्त वेदीकडे रोखून ठेवतात. आम्ही ऐकू येतो, दिसत नाही. बघणारे निम्म्यानं घटले. पप्पांना वाईट वाटलं असेल असं वाटून मी विचारलं, तर म्हणाले, "जे ऐकायला आले होते ते आहेत."

आता शेवटचं. हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं होतं.

गेल्या शनिवारी वर्ग सुटला. आम्ही खुर्च्या रचत होतो. एक मुलगी गेली नाही. अकरा वर्षांची असेल, वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली, दोन्ही हातांत फोन घट्ट धरून.

"तुला वेळ आहे?" तिनं विचारलं.

सरावाची घंटा झाली होती. मी म्हटलं, "आहे."

आम्ही पायरीवर बसलो. मग तिनं फोन माझ्या मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाली, "मला आईला सांगायचंय, पण सुरुवात कशी करायची ते येत नाही."

मी मम्मीला हाक मारली. मग आम्ही तिघी तिच्या आईकडे गेलो. ती आत भांडीघरात चहाचे कप विसळत होती. तिनं वळून पोरीचा चेहरा बघितला. मला वाटलं, आता प्रश्न सुरू होतील. कोण, कधी, कसं, फोन कुणी दिला. पण तिनं नळ बंद केला, हात पुसले, एवढ्या मोठ्या पोरीला मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसली आणि म्हणाली,

"जेवलीस का गं?"

तुझी,
पिपाणी